स्टॅकहाउसची बोटं

रॉस्को पेटवे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ, खेळला तो बचावफळीच्या ऐन मध्यावर उभा राहून. समोरच्या संघाचा गडी चेंडू घेऊन मुसंडी मारणार असेल तर पुढे धावून त्याला आडवा करायचा, आणि चेंडू लांब फेकणार असतील तर मागे सरून अडवायचा, हे त्याचं काम. दोन्हींतलं काय होणार हे त्याला बहुतेक वेळा आधीच कळायचं. लोक म्हणत, याला वास येतो. खरी गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा.

खेळ सुटल्यावर तो अलाबामात आपल्या गावी परतला. दोन्ही गुडघे बदलून घेतले, वडिलांची पिकॅनची, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याची, बाग सांभाळली, चर्चमध्ये खर्जातला सूर लावू लागला. तसं बरं चाललं होतं. फक्त एका डावाने त्याची पाठ सोडली नव्हती. उपांत्य सामन्याच्या शेवटी तो मागे सरला आणि चेंडू घेतलेला गडी नेमका त्याने सोडलेल्या जागेतून धावत गेला. सामना गेला. पुढच्या हंगामात गुडघाही गेला.

"परत तोच डाव का?" टीव्हीसमोर त्याची तंद्री लागली की बायको अर्लीन विचारायची. "त्या स्टॅकहाउसला जाऊन विचार ना एकदाचं. तुझ्यापायी मलाही तो पाठ झालाय."

शेवटी एका शनिवारी पिकॅनची पिशवी घेऊन तो निघालाच.

व्हर्जिल स्टॅकहाउस म्हणजे त्या सामन्यात बरोब्बर त्याच्या समोर वाकून बसलेला, चेंडूवाल्याला वाट मोकळी करून देणारा गडी. आता मिसिसिपीत मांगूर माशांची तळी राखत होता. पोट सुटलं होतं, खांदे मात्र तसेच होते. त्याने रॉस्कोला लगेच ओळखलं.

"पेटवे! माझ्या दोन बरगड्या तुझ्याकडे राहिल्यात. त्या परत द्यायला आलास?"

"पिकॅन आणलेत. बरगड्यांचं नंतर बघू."

पडवीत तळलेला मासा आणि मक्याचा पाव पुढ्यात आला. दोन घास झाल्यावर रॉस्कोने विषय काढला.

"तू एक हात जमिनीला टेकवून बसायचास. पुढे मुसंडी मारायची असली की तुझा सगळा भार त्या हातावर यायचा, नखं पांढरी पडायची. चेंडू फेकायचा असला की हात नुसता टेकलेला. मी तुझी नखं बघायचो."

स्टॅकहाउसचा घास हातातच राहिला.

"त्या शेवटच्या डावाला हात नुसता टेकलेला होता," रॉस्को म्हणाला. "म्हणून मी मागे सरलो, आणि तुम्ही मुसंडी मारलीत. तुला कळलं होतं ना, मी बघतोय ते? कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगेल? आधीच्या डावात माझा अंगठा मोडला होता. हातावर भार देता येईना. बाहेर बसवतील म्हणून मी बोललोच नाही."

 इतकी वर्षं रॉस्को त्या डावामागे कुणाचं तरी डोकं शोधत होता. त्याला आधी थोडं रिकामं वाटलं, मग हसू फुटलं, आणि ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. त्याने आणखी एक मासा वाढून घेतला.

स्टॅकहाउस मात्र हसला नाही. तो आपल्या हाताकडे बघत होता.

"थांब. म्हणजे दरवेळी दिसायचं?"

"दरवेळी."

"आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"ते मला काय ठाऊक?"

पुढच्या आठवड्यात सकाळी फोन वाजला. अर्लीनने घेतला, आणि रिसीव्हर हाताने झाकून नवऱ्याकडे बघितलं.

"तुझा स्टॅकहाउस आहे. विचारतोय, शिकागोविरुद्धच्या सामन्यातही त्याची नखं पांढरी होती का. रात्रभर झोपला नाही म्हणे."

"त्याला म्हणावं, बायकोसकट जेवायला ये," रॉस्को म्हणाला. "सगळे जुने सामने टीव्हीवर बसून बघू."

"अरे देवा," अर्लीन म्हणाली, आणि फोनवर तिने त्यांना रविवारचं बोलावणं केलं.