दुसरा योहेई

मेजावर देवळाची मृत्युवही उघडी पडली होती आणि तिच्यावर तोगावा आजोबा आणि हारुए वाकले होते. खिडकीबाहेर बटाट्याच्या शेतांवर ऑगस्टचं ऊन निमूट पसरलं होतं. आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. अक्षरं तीच राहिली.

होक्काइदोतल्या त्या गावाला सव्वाशे वर्षं होत होती. जंगल तोडून वसलेल्या पहिल्या बारा घरांची नावं शिळेवर कोरायची होती, आणि ती पडताळण्याचं काम गावच्या इतिहासखोलीत बसणाऱ्या हारुएकडे होतं. तोगावांचा मान पहिल्या कुऱ्हाडीचा, जंगलावर पहिला घाव त्यांच्या पूर्वजाचा. शरदाच्या उत्सवात ढोलावर पहिली थाप त्यांचीच. घराचा कर्ता होणाऱ्याने 'योहेई' हेच नाव घ्यायचं, ही त्यांची रीत. समोर बसलेले आजोबाही योहेईच.

"पुन्हा वाच, पोरी."

"पहिले योहेई दुसऱ्याच हिवाळ्यात गेले, आजोबा. मूलबाळ नव्हतं. घर बुडू नये म्हणून बायकोने दत्तक घेतला. सव्वीस वर्षांचा."

"आणि आई?"

"एकतीस."

"बरं झालं. न्हाऊमाखू घालायचं वाचलं." ते हसले, हसू ओठांवरच विरलं. "तोच माझा आजोबा. पुढे?"

हारुएने समासावर बोट ठेवलं. "भिक्षूंनी लिहिलंय, रस्ता खोदणाऱ्या कैद्यांतला, शिक्षा भोगून सुटलेला. दत्तकापूर्वीचं नाव उमेझो."

आजोबांनी वही हळूच स्वतःकडे ओढली.

"लहानपणी न्हाणीत मी त्यांची पाठ चोळायचो. घोट्याभोवती वण होता, कड्यासारखा. विचारलं की म्हणायचे, कुऱ्हाड निसटली." ते स्वतःच्या घोट्याकडे पाहत राहिले. "कुऱ्हाड अशी गोल फिरत नाही, एवढं तेव्हाही कळत होतं मला. आणि तो शेजारचा मोरिउची दरवर्षी उत्सवात टोमणा मारतो, तोगावांच्या कुऱ्हाडीने अख्खं बेट उघडलं म्हणे!"

"शिळेवर नुसतं योहेई येईल," हारुए हलकेच म्हणाली. "यादी तशीच पाठवली तर कुणाला काही कळणार नाही. ढोलही तुमचाच राहील. की खाली उमेझो हे नावही कोरायचं? संध्याकाळी पाथरवटाचा माणूस यायचाय, आजोबा. काय सांगू त्याला?"

"उमेझो," आजोबा पुटपुटले, अंधारात पायरी चाचपावी तसे.

पितरांचे दिवस होते. देवळाच्या आवारातल्या घराण्याच्या थडग्यावर वाहायला आणलेलं भाताच्या लाडवांचं, उदबत्त्यांचं गाठोडं त्यांनी उचललं. हारुए दारापर्यंत आली.

"आजोबा?"

देवळाची वाट डावीकडे जात होती. उजवीकडे होता कैद्यांनी खोदलेला तो जुना, सरळ रस्ता, आणि त्याच्या कडेने गवताखाली बुजलेले बिननावाचे मातीचे उंचवटे. तिथे कुणी कधी उदबत्ती लावत नसे. आजोबा फाट्यावर क्षणभर थबकले, आणि मागे वळून न पाहता उजवीकडे चालू लागले.