दोन बोटं अलीकडे

धरणातल्या तराफ्याखाली दीड हात पाणी उरलं होतं. त्यावरच्या पंपाची नळी सकाळपासून पाण्याबरोबर गाळही ओढत होती. जळकोटची टाकी याच पंपावर भरायची. संध्याकाळपर्यंत तराफा खोल पाण्यात गेला नाही, तर उद्या नळ कोरडे राहणार होते. विहिरी तर संक्रांतीलाच तळाला लागल्या होत्या.

तराफा ओढायला होडी होती. पण होडीला मागे येता येत नव्हतं.

होडी जुनी, शिडाची. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादहून फायली, कपाटं, खुर्च्या वाटून आल्या, त्यातच ही आली. ती समुद्राकाठच्या लिलावात कुणी आणि कशाला घेतली होती, हे कुठल्याच फायलीत नव्हतं. शीड कधीच गेलं होतं. डोलकाठी तेवढी उभी होती आणि पोटात डिझेल इंजिन होतं. पाणी कापणारा पंखा शेपटीकडे असल्यामुळे शेपटी उथळ पाण्यात नेता येत नसे. म्हणून होडीचं नाक तराफ्याला भिडवायचं, दोर बांधायचा आणि उलट्या गिअरमध्ये मागं ओढायचं, अशी रीत होती. आज सकाळी इंजिन ओरडत राहिलं आणि दोर ताणलाही गेला नाही.

लातूरहून आलेल्या मिस्त्रीनं गिअरबॉक्सवर हात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला.

"भट्टी झाली हिची. आतल्या प्लेटा गेल्या. खोलून लातूरला न्यावी लागंल. चार दिवस धरा." एवढं सांगून तो चहाला गेला.

चार दिवस. विरूपाक्षाला टाकीचं माप तोंडपाठ होतं. उदगीरच्या कॉलेजातून भौतिकशास्त्रात बी. एस्सी. होऊन तो सहा महिन्यांपासून धरणावर रोजंदारीवर पाण्याची पातळी मोजत होता. जळकोटात त्याचं घर होतं आणि घरात आई, महादेवी, पहाटे चारला नळापाशी घागर मांडून बसत होती.

"मलप्पा काका, हे कधीपासून?" त्यानं विचारलं.

मलप्पा होडी चालवायचा. साठीचा माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे. "गेल्या उन्हाळ्यात ह्योच तराफा हिनं बैलावानी ओढला की. दिवाळीच्या आसपास ढिली पडली. म्हातारी झाली, दुसरं काय? मी बी झालोच की."

पंख्याची पाती पुढं ढकलण्यासाठी वळवलेली असतात, त्यामुळे होडीचा मागचा जोर नेहमीच कमी असतो, हे विरूपाक्षाला ठाऊक होतं. पण इतका कमी? त्यानं पाण्यात उतरून पंखा चाचपला. शेवाळ नव्हतं, दोर गुंडाळलेला नव्हता. गिअरबॉक्सचं तेल पातळीला बरोबर होतं, वास मात्र करपलेला. मग तो फूटपट्टी घेऊन इंजिनाच्या खणात पालथा पडला. वरचा दांडा हलवला की केबल ओढली जाई आणि गिअरबॉक्सवरचा छोटा खटका पुढं-मागं सरके.

"काका, पुढं टाका."

छत्तीस मिलिमीटर.

"आता मागं."

तेवीस.

दोन्हीकडे सारखं असायला हवं होतं. त्यानं केबलची पिन काढली आणि खटका हातानं मागं ढकलला. तो छत्तीसपर्यंत आरामात गेला. म्हणजे खटक्याची वाट मोकळी होती, खोट वर कुठंतरी होती. पिन लावून तो वर आला, मलप्पाला खाली मोजायला बसवलं आणि दांडा स्वतः ओढला.

"तेवीसच हाय की रे," खालून आवाज आला.

एवढ्यात दुष्काळी कामावर हजेरी लिहिणारी पंचशीला काठावरून होडीत चढली. "तुमचं काय चाललंय सकाळपासून? खडी फोडणाऱ्या बायका विचारतायत, उद्या प्यायला काय आणायचं घरून?"

"ताई, जरा हा दांडा धरा. मी सांगितलं की मागं ओढा," म्हणत विरूपाक्ष पुन्हा खाली उतरला. "हां, ओढा."

वर टक् असा आवाज झाला. फूटपट्टीवर छत्तीस.

त्यानं डोळे चोळले. "परत एकदा."

टक्. छत्तीस.

"काय केलंत तुम्ही, ताई?"

"ओढला. दांड्याला अजून काय करायचं असतं?"

तो वर आला. मलप्पा त्याच्याकडं बघत नव्हता, दांड्यामागच्या लाकडी देव्हाऱ्याकडं बघत होता. दसऱ्याच्या पूजेत त्यानंच तो स्क्रूनं बसवला होता. आत पितळी पिंड आणि नंदी. दांडा पुरता मागं आला की त्याचं टोक देव्हाऱ्याच्या कडेला नेमकं टेकत होतं.

"तेलकट दांडा देवाला कसा लावायचा," मलप्पा हळूच म्हणाला. "मी दोन बोटं अलीकडंच थांबतो."

विरूपाक्षानं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. त्याला तर कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तरी त्याचाही हात दोन बोटं अलीकडं थांबला होता, आणि थांबला हे त्याला कळलंही नव्हतं. खरकट्या हातानं देवाजवळ जायचं नाही, हे आईनं शिकवलं तेव्हा त्याला अंकही मोजता येत नव्हते.

"म्हणजे दसऱ्यापासून गिअर अर्धाच पडत होता. प्लेटा नुसत्या घासत होत्या, तापत होत्या."

"माझ्याच हातानं," मलप्पा म्हणाला.

"देवाला विचारायचं होतं काका," पंचशीला म्हणाली. "तो म्हणला असता, मला जरा सरकवा."

मलप्पाला हसू आवरलं नाही. त्यानं साबणानं हात धुतले, देव्हारा सोडवला, छातीशी धरून नेला आणि डोलकाठीच्या बुंध्याशी दोरानं पक्का बांधला. दोन्ही कान पकडले. मग इंजिन चालू करून दांडा मागं ओढला. हात सवयीनं अलीकडंच थांबला.

"काका, अजून दोन बोटं."

गिअर पडला तसा होडीच्या अंगात धक्का बसला. दोर पाण्यातून वर आला, थेंब झटकत ताठ झाला. तराफा जरा कलला, गाळानं त्याला एकदा धरून ठेवलं, आणि मग सोडलं. विरूपाक्षाचा तळवा गिअरबॉक्सवर होता. ती कोमट होती, तिथं हात ठेवता येत होता.

मिस्त्री परत आला तेव्हा तराफा दोन पुरुष खोल पाण्यावर डुलत होता. पंपाच्या तोंडातून तांबडं पाणी येत होतं, बघता बघता ते निवळलं.

"काय बिघडलं होतं?" त्यानं काठावरून ओरडून विचारलं.

"काहीच न्हाई," मलप्पानं सांगितलं.

विरूपाक्ष डोलकाठीला टेकून बसला. सकाळपासून आपण घोटभर पाणीही प्यायलो नाही, हे त्याला आत्ता आठवलं. पंचशीलानं पंपाच्या तोंडाखाली धरून भरलेला तांब्या त्याच्यापुढं केला.