कचेरीच्या दारातली पंगत

साहेब संस्थानात पोटभर जेवले, आणि त्याच जेवणापायी दुर्गाबाईचं पिवळं कार्ड नामंजूर झालं.

पौर्णिमाला हे कचेरीत उभ्या उभ्या कळलं. ती मूळची धामणगाव रेल्वेची, अमरावतीला समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजानं तिला इंटर्नशिपसाठी अकोल्याकडच्या एका गावी, कीर्तनकार सूर्यभान महाराजांच्या संस्थानात पाठवलं होतं. संस्थानचं अन्नछत्र आणि अय्युबभाईंच्या दर्ग्याचा लंगर यांनी मिळून अन्न-हक्क मंच काढला होता. नुसतं वाढून भागत नाही, सरकारलाही धान्य द्यायला लावलं पाहिजे, हे दोघांना पटलं होतं. निवेदनं नेणं, पाठपुरावा करणं हे पौर्णिमाकडे आलं.

वर्षं फार वाईट होती, नापिकीची. दिल्ली-मुंबईची पथकं यायची, शेतकऱ्यांची घरं पाहून जायची. ज्यांना शेतच नाही त्यांच्या दारात गाडी थांबत नसे. दुर्गाबाई त्यातली. कापूस बुडाला तशी निंदणी बुडाली, वेचणी बुडाली. मुलगा कामासाठी सुरतेला गेलेला. घरी सून वच्छला, ओली बाळंतीण, अंगावर दूध नाही. केशरी कार्डावर दुकानदार धान्य देत नव्हता. पिवळं मिळालं असतं तर स्वस्त गहू-तांदूळ घरात आला असता.

"सप्ताहाला मी स्वतः आलो होतो की," पुरवठ्याचे साहेब गळ्यातली तुळशीची माळ शर्टात सारत म्हणाले. "तुम्हीच बोलावलं. काय ती पंगत, काय तो शिरा! ज्या गावात रोज असं अन्नदान चालतं, तिथं उपासमार आहे असं मी कोणत्या तोंडानं वर कळवू?"

"साहेब, घरी नसतं म्हणूनच लोक तिथं येतात."

"येतात, जेवतात. मग झालं तर!"

"आणि बाळंतिणीनं एवढं चालत येऊन पंगतीत बसायचं?"

"ताई, इंटर्नशिप आहे ना तुमची? सर्टिफिकेट मिळेल. माझी सही हवी तर तीही देतो."

बाहेर आल्यावर सोबत आलेले अय्युबभाई पचकन थुंकले. "शिरा खाऊन गेला, अन् शिऱ्याचीच गवाही देऊन राहिला!"

साहेबांना बोलवायचं पौर्णिमानंच सुचवलं होतं. पंगतीतली माणसं पाहिली की त्यांना भूक दिसेल असं तिला वाटलं होतं. पण आपल्याकडे पाहुण्याला पहिला पाट, त्याच्या पानावर तुपाची धार, वर आणखी आग्रह. साहेबांनी आपलं पान पाहिलं. मागं कोण बसलंय ते त्यांनी पाहिलं नाही, आणि कोणी दाखवलंही नाही.

संध्याकाळी ती संस्थानच्या मुदपाकखान्यात शिरली ती तणतणतच. "महाराज, उद्यापासून चूल बंद करा. आपण वाढतो म्हणून सरकार वाढत नाही. आपली चूल म्हणजे त्यांची पळवाट झालीय."

महाराज टाळांच्या दोऱ्या बदलत होते. त्यांचा हात थांबला. "पोरी, अन्नछत्राची चूल विझवू म्हनतेस मी?"

"विझवा न!" तांदूळ निवडणारी दुर्गाबाई उसळली. "मंग मी काय खाऊ? तुहे निवेदनं? धडा सायेबाले शिकवाचा अन् उपास म्या काढाचे. बरं हाय व माय तुहं!"

पौर्णिमाचे कान तापले. चुलीवरचा भात उतू आला तसं तिनं झाकण उचललं.

"मग विझवू नका," ती म्हणाली. "उचला."

"काय उचलू?"

"चूल. कचेरीत नेऊ. पंगत तिथं बसवू."

अय्युबभाईंनी मांडीवर थाप मारली. "मोठी देग मी आनतो अकोल्याच्या जुन्या शहरातून. बिर्यानीची हाय, पन खिचडीले काहून सांगाचं?"

"घासून आना म्हंजे झालं," महाराज म्हणाले. दुर्गाबाईसुद्धा हसली.

सोमवारी कचेरीच्या आवारात निंबाखाली कीर्तन उभं राहिलं. महाराजांचा आवाज एरवी लोण्यासारखा. ऐकता ऐकता डोळे मिटावे, दिवसभराचं सगळं विसरावं, असा. त्या दिवशी त्यांनी कोणाला डोळे मिटू दिले नाहीत.

"देवाले छप्पन्न भोग दाखवता, अन् बाळंतिनीले पेज नाई! उतरत असंन काय रे त्याच्या गयाखाली? का तोंड फिरवून बसला असंन तो गाभाऱ्यात?"

टाळ असे वाजले की कारकून खिडक्यांत आले. बंदोबस्ताचा हवालदार टोपी काढून वीणेकऱ्याच्या पाया पडला.

मग पंगत बसली. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत, व्हरांड्यातून थेट दारापर्यंत. शेवटची पानं पौर्णिमानं स्वतः उंबऱ्याला लागून मांडली. त्यातल्या एका पानावर दुर्गाबाई बसली.

जेवायच्या सुट्टीत साहेब बाहेर आले. "हे काय? रस्ता सोडा!"

"पंगत बसली साहेब," महाराज म्हणाले. "वाढलेलं पान ओलांडू नाई, हे माळकऱ्याले मी सांगू?"

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. तोही पानावर होता. "मागचं दार उघड."

"कुलूप हाय सायेब. किल्ली माह्यापाशीच हाय. पन मी जेवून राहिलो."

पंगतभर हसू फुटलं. साहेबही कसनुसे हसले. "बरं, होऊ द्या जेवणं."

जेवणं होत आली. पण पंगत एकदम उठते. एकाचं राहिलं की सगळे थांबतात. दुर्गाबाईचे हात मांडीवर होते. पान भरलेलं, घास उचललेला नाही.

"जेवा ना बाई," साहेब म्हणाले.

"सून उपाशी हाय. मले उतरत नाई."

"मग तिला घेऊन जा यातलं."

"आज नेईन. उद्या?"

बोटांवर खिचडी वाळत होती. साहेबांनी एक पाय उचलला. सारी पंगत, फाटकापर्यंत, त्या पायाकडे बघू लागली. साहेबांनी तो पुन्हा खाली ठेवला.

"तुम्हाला पाहिजे काय?" त्यांनी पौर्णिमाला हळूच विचारलं.

"त्यांचं घर बघा. आत्ता." तिनं दुर्गाबाईकडे बोट केलं. "तिथं तुमच्यासाठी पाट मांडलेला नसेल."

दुर्गाबाईनं आपलं पान बाजूला सरकवलं. मग पुढच्यानं, मग त्याच्या पुढच्यानं. पाऊल मावेल एवढी वाट झाली.

जीप दुर्गाबाईच्या दाराशी थांबली. वच्छला बाळाला छातीशी धरून बसली होती. ते ओढायचं, सोडायचं, रडायचं, पुन्हा ओढायचं. माणसं आलेली पाहून ती धडपडत उठली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"च्या नाई जी. साखर सरली."

"डबे उघडा साहेब," पौर्णिमा म्हणाली.

त्यांनी एक उघडला. दुसरा उघडला. तिसऱ्याला हात घातला नाही, तेव्हा पौर्णिमानं तो उघडून त्यांच्यासमोर उपडा केला. काही पडलं नाही.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून साहेबांनी पिवळं कार्ड मंजूर केलं, शिक्काही मारला. "आता झालं समाधान?"

"नाही."

"आभार मानायची पद्धत असते, ताई."

"हक्काचं दिलंत साहेब. आणि तेही कधी? सगळ्या पंगतीसमोर पाय हवेत अडकल्यावर!"

साहेब परत येईपर्यंत कोणी उठलं नव्हतं. महाराजांनी भजन लावून धरलं होतं. शिक्का पाहून दुर्गाबाईनं आपलं पान पुढे ओढलं, आणि ती कोणाकडे न पाहता भराभर जेवली. पंगत उठवायला महाराजांनी हात वर केला.

"थांबा महाराज," शेजारच्या पानावरून म्हातारा मोतीराम म्हणाला. त्याच्या पानावर अजून घासभर खिचडी होती. "माही बायको लकव्यानं पडेल हाय. कार्ड केशरी. सायेब, आता माह्या घरी चाला."

त्याच्या पलीकडच्या शकुननं उचललेला घास पानावर ठेवला. तिच्या पलीकडच्यानंही हात मागे घेतला.

साहेबांनी रांगेकडे पाहिलं, पार फाटकापर्यंत. महाराजांनी मृदंगवाल्याला खूण केली. पौर्णिमानं जाऊन जीपचं दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली.