डावी दांडी

संग्रहालयात व्हिडिओ गेमचं दालन उघडणार म्हटल्यावर जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. नाण्यांच्या विभागातल्या गृहस्थांनी तर सगळ्यांसमोर विचारलं, "मग पुढच्या वर्षी पत्त्यांचा कॅट काचेत ठेवणार का?" खुडबुडीपुरता हा वाद कधीच मिटला होता. कुणीतरी बसून चित्रं काढली, कुणीतरी सूर जुळवले, कुणीतरी डोकं लढवून उडी किती उंच जावी आणि पडल्यावर माणसाला किती वाईट वाटावं तेसुद्धा ठरवलं. याला कला म्हणायचं नाही, तर मग कशाला म्हणायचं?

खुडबुडी हे तिचं मावशीनं ठेवलेलं नाव. लहानपणी घड्याळ म्हणू नका, रेडिओ म्हणू नका, जे हाती लागेल ते उघडून बसायची. तेव्हा त्याबद्दल धपाटे मिळायचे, आता पगार मिळत होता. जुनी यंत्रं दुरुस्त करून चालती ठेवायची, हे तिचं काम.

या कामाचे दोन नियम तिच्या अंगात मुरले होते. पहिला असा, की दुरुस्ती उलटवता आली पाहिजे. जुना भाग काढला तर तो फेकायचा नाही, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवायचा, म्हणजे उद्या कुणाला वाटलं तर यंत्र पुन्हा होतं तसं करता येईल. दुसरा नियम संचालकांचा. खेळ म्हणजे नुसती पेटी नव्हे, खेळणं जपायचं, असं ते म्हणत. प्रत्येक खेळाचं सुरुवातीपासून शेवटापर्यंत चित्रण व्हायला हवं, पडदाही दिसला पाहिजे आणि खेळणाऱ्यांचे हातही. पडदा कधीतरी काळा पडणारच, मग पुढच्यांना कसं कळणार की हे खेळत कसे होते? चित्रण पूर्ण नाही, तर यंत्र दालनात नाही. मागच्या भांडारात जायचं आणि धूळ खात बसायचं.

बाकी सगळ्या यंत्रांचं चित्रण सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते एकाच यंत्रापाशी, आणि नेमकं तेच, हस्ते परहस्ते संग्रहालयात आलेलं यंत्र खुडबुडीच्या आजोबांच्या दुकानातलं होतं.

आजोबांचं इस्त्रीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांच्या पोरांनी कपड्यांच्या गठ्ठ्यांवर नाचू नये म्हणून त्यांनी कोपऱ्यात हे यंत्र आणून ठेवलं. दोन गिर्यारोहक, दोघांच्या कमरेला एकच दोर, आणि वर बर्फाचं शिखर. डावीकडचा गडी पुढे चढतो, उजवीकडचा त्याच्या मागे. पुढचा घसरला की दोघेही खाली, मागचा घसरला तर पुढच्यानं पाय रोवले तरच दोघे टिकतात. कंपनी लवकरच बंद पडली, यंत्रं फार बनलीच नाहीत, त्यामुळे हा खेळ कुणाला धड आठवतही नव्हता. पण चित्रं अशी, की बर्फावर पडलेल्या उन्हाकडे संचालकसुद्धा कितीतरी वेळ बघत राहिले होते.

संग्रहालयातल्या तरुण खेळाडूंनी प्रयत्न केले. चुणचुणीत पोरं होती, पण शिखराखालच्या बर्फाच्या भिंतीपाशी सगळ्यांनी हात टेकले. "प्रोग्राममधूनच शेवट उघडून दाखवतो," एकजण म्हणाला. संचालक म्हणाले, "शेवट दाखवायचा नाहीये. शेवटापर्यंत जायचंय." उद्घाटन तोंडावर आलं होतं. या आठवड्यात जमलं नाही तर यंत्राची जागा दुसऱ्याला, हेही त्यांनी सांगून टाकलं.

ते शिखर गाठलेल्या दोघीजणी खुडबुडीला माहीत होत्या. एक तिची आई आणि दुसरी तिची थोरली मावशी. आणि या दोघींमध्ये छत्तीसचा आकडा.

आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा मावशीनं दुकान यंत्रासकट विकलं आणि आईला नंतर सांगितलं. त्यावर आई जी बोलायची बंद झाली ती झालीच. दुकान हे निमित्त होतं, खरं दुखणं जुनं होतं. आईचं गाऱ्हाणं खुडबुडीला पाठ होतं. ताई नेहमी पुढे, ताई नेहमी पहिली. खेळायलासुद्धा डावी दांडी तिचीच, मला कधी हात लावू दिला नाही. रडले, भांडले, एकदा चावलेसुद्धा, पण बाई हलली नाही. जन्मभर मला मागे बांधून फिरवलं तिनं.

हे ऐकतच खुडबुडी मोठी झाली होती. मावशीवर तिचा जीव होता, पण आईचं म्हणणं खोटं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मावशीला फोन केला तर ती एका शब्दात "येते" म्हणाली. आईपुढे मात्र बराच वेळ घालवावा लागला.

"ती येणार असेल तर मी नाही."

"आई, एकटीनं खेळता येत नाही ते. दोर आहे."

"ठाऊक आहे मला दोर." आई भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती. शेवटी म्हणाली, "तुझ्या कामाचा प्रश्न आहे म्हणून येते. बोलणार नाही हं मी तिच्याशी. खेळायला तोंड लागत नाही."

सकाळी दोघी आल्या. आई नवी साडी नेसून, मावशी नेहमीसारखी, पिशवीत पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन. यंत्र पाहिल्यावर दोघींच्या तोंडून एकाच वेळी "अगंबाई!" निघालं, आणि मग दोघींनीही दोन दिशांना तोंडं फिरवली. खुडबुडीनं यंत्र चकचकीत केलं होतं. आतल्या तारा नव्या, पडदा स्वच्छ, दोन्ही दांड्या पिसासारख्या हलक्या. डावी दांडी वरच्या बाजूला अडत होती, आतली पितळी पट्टी वाकली होती. ती काढून तिनं नवी बसवली होती, आणि त्या कामाचा तिला थोडा गर्वही होता.

मावशी न विचारता डावीकडे जाऊन उभी राहिली. आईनं खुडबुडीकडे असं पाहिलं, की बघ, सांगत नव्हते मी?

कॅमेरावाल्यानं एक कॅमेरा पडद्यावर लावला, एक हातांवर. संचालक मागे खुर्ची टाकून बसले. खेळ सुरू झाला आणि मावशीचा गडी पहिल्याच कड्यावरून घसरला. दोर ताणला गेला, आईचा गडीही गेला खाली.

"होतं असं," संचालक म्हणाले. "सवय राहिली नसेल."

पुन्हा सुरू. पुन्हा मावशीच घसरली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आईची बोटं अजून अशी चालत होती, की जणू कालच दुकानातून उठून आली होती. मावशी मात्र दर वेळी खोबणीच्या पलीकडेच पाय टाकत होती.

"तुझ्या मावशीला सांग," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "जमत नसेल तर तसं म्हणावं."

"तुझ्या आईला सांग," मावशी म्हणाली, "जमायचं काही नाहीये. हे यंत्र बदललंय."

"यंत्र तेच आहे मावशी," खुडबुडीला जरा लागलंच. "उलट आधीपेक्षा चांगलं चालतंय."

संचालकांनी घड्याळ पाहिलं. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता, पण त्यांच्यापुढे उद्घाटन होतं. आणखी दोनदा बघू, ते हळूच म्हणाले, नाहीतर राहू द्या. आजोबांचं यंत्र भांडारात जाणार, आणि या दोघी आता पुन्हा एका खोलीत यायच्या नाहीत. दोन्ही गोष्टी खुडबुडीला एकदमच दिसल्या.

ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे गेली. त्यात फक्त हात दिसत होते. आईची दोन बोटं दांडीवर नुसती टेकलेली. मावशीनं मात्र दांडी मुठीत गच्च धरली होती. वर जायची वेळ आली की ती दांडी आधी डावीकडे दाबून, अंगठ्याच्या बुडानं, सगळं मनगट लावून वर रेटत होती. सांडशीनं जड पातेलं उचलावं तसं. एवढ्या जोरावर नवी दांडी गड्याला एका पावलाऐवजी दोन पावलं उडवत होती.

"मावशी, तू एवढ्या जोरात का रेटतेस?"

"मग? अडते ना ती."

"कधी अडायची?" आई पटकन म्हणाली. खुडबुडीमार्फत बोलायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. "कधीच अडत नव्हती."

"तुझी नव्हती अडत," मावशी म्हणाली. "माझी पहिल्यापासून अडायची. नुसती वर केली तर गडी हलायचाच नाही. असं कोपऱ्यात दाबून रेटायला लागायचं."

आईचा हात दांडीवरून खाली आला. "मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर यंत्र दुरुस्तीला गेलं असतं. मागे आपला पंखा गेला होता तो उन्हाळा संपल्यावर आला. तू रडून घर डोक्यावर घेतलं असतंस."

"म्हणून मला हात लावू देत नव्हतीस?"

"तुझे हात केवढे होते तेव्हा?" मावशी वैतागून म्हणाली. यात आपण विशेष काही सांगतोय असं तिला वाटतच नव्हतं. "मनगट मुरगळलं असतं तुझं. आता खेळायचंय की नाही? साहेब खोळंबलेत."

मावशीचा उजवा अंगठा बुडाशी जरा फुगीर होता, कायमचा. घरात सगळे म्हणायचे, इस्त्री धरून झालाय. आई त्या अंगठ्याकडे बघत होती. खुडबुडीला तिथं उभं राहणं जड झालं, आणि नशिबानं तिला करण्यासारखं काम होतं.

तिनं कपाटातून चिठ्ठी लावलेली पिशवी आणली. यंत्राचं झाकण उघडलं, नवी पट्टी काढली आणि जुनी, वाकडी पट्टी होती तशी परत बसवली. चांगलं चालणारं यंत्र हातानं बिघडवायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. संचालक उठून जवळ आले, पण काय चाललंय ते लक्षात आल्यावर परत जाऊन बसले.

मावशीनं दांडी एकदा रेटून पाहिली. "हां," ती म्हणाली. "ही माझी."

मग दोघी चढल्या. पहिला कडा, झुलता पूल, वाऱ्याची खिंड. मध्ये एकदा आईचा पाय सटकला तेव्हा मावशीनं गडी जागीच रोवून धरला, अंगठ्याची कातडी पांढरी पडेपर्यंत. बर्फाच्या भिंतीपाशी तरुण पोरं मागे येऊन उभी राहिली होती. "आता," मावशी म्हणाली. "हो," आई म्हणाली. दोघींनी एका दमात भिंत पार केली. शिखरावर ऊन पडलं, सूर वाजले, आणि पडद्यावर ते दोन ठिपक्याएवढे गडी शेजारी शेजारी बसले. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खुडबुडीचा जीव भांड्यात पडला.

कॅमेरावाला सामान आवरायला लागला. संचालकांनी दोघींचे आभार मानले, यंत्राची जागा खिडकीजवळ ठरली असंही सांगितलं. मग खुडबुडीला म्हणाले, "आता लोकांसाठी ती चांगली पट्टी परत टाका."

"नको," आई म्हणाली. संचालकांना अशा आवाजाची सवय नसावी. "बिघडलेलीच राहू द्या. पाटीवर लिहा, डावी दांडी वर जाताना अडते, ती तशीच ठेवली आहे म्हणून."

संचालकांनी खुडबुडीकडे पाहिलं. खुडबुडीनं नवी पट्टी पिशवीत टाकली आणि पिशवीवर चिठ्ठी लावली. झालं, नियमात बसत होतं.

सगळे गेल्यावर मावशी पिशवी खांद्याला लावून निघाली. आई अजून यंत्रापाशीच होती.

"ताई, सरक," ती म्हणाली. "म्हणजे, इकडे ये. उजवीकडे. आज मी डावीकडे."

"कशाला? हात दुखेल."

"ये म्हटलं ना."

मावशी आली. आईनं डावी दांडी धरली, कोपऱ्यात दाबली, वर रेटली. गडी हलला नाही. दोन्ही हात लावले तेव्हा जेमतेम एक पाऊल वर गेला, आणि दुसऱ्याच पावलाला दोघं धाडकन खाली. तिनं पुन्हा रेटली, पुन्हा पडली. पहिला कडासुद्धा झाला नाही. शेवटी मनगट दुसऱ्या हातात धरून ती उभी राहिली. डोळे भरले होते, आणि ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"ही घेऊन शिखरापर्यंत कशी गं जायचीस?"

मावशीला प्रश्नच नीट कळला नाही. तिनं बाटलीचं झाकण उघडून बाटली आईपुढे धरली.

"मागे तू बांधलेली होतीस ना," ती म्हणाली. "पडून कसं चाललं असतं?"

आई पाणी प्यायली. मग नव्या साडीच्या पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा दांडी धरली.