शेरा पडलेला परवाना

मित्रांनो, मी एक जुना परवाना आहे, मोटार चालवण्याचा. लोक मला लायसन म्हणतात. माझा कागद पिवळा पडला आहे, घडीवर मी चिरलो आहे, आणि माझ्यावरचा खाजाभाईंचा फोटो घामाने इतका पुसट झाला आहे की त्यात आता फक्त टोपी ओळखू येते. तरीही मी मान ताठ ठेवूनच बोलणार आहे.

उस्मानाबाद जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हा माझा जन्म झाला. परवान्याच्या कचेरीतल्या साहेबांनी खाजाभाईंना ट्रक मागे घ्यायला लावला, चढावर थांबवून पुन्हा चालू करायला लावला, रस्त्यावरच्या खुणा विचारल्या. मग माझ्यावर सही झाली, शिक्का बसला. शाई वाळेपर्यंत खाजाभाई माझ्यावर फुंकर घालत होते. परंड्याला त्यांच्या पत्नी जमिलाबींनी माझ्यासाठी मेणकापडाची पिशवी शिवली, आणि सदऱ्याच्या खिशात बसून मी जिल्हाभर हिंडू लागलो.

खाजाभाई कळंबच्या अण्णाराव शेठचा ट्रक चालवत. ज्वारीची पोती परंड्यावरून कुर्डुवाडीला पोचवत. हात सफाईदार होता. पण 'नाही' म्हणण्याचं इंद्रिय त्यांना जन्मतःच नव्हतं. रस्त्यात कुणी हात केला की पाय ब्रेकवर. एकदा बाजारातून परतणारी माणसं त्यांनी पोत्यांवर बसवली, इतकी की खालची पोती दिसेनात. मालाच्या गाडीत माणसं नेणं हा गुन्हा आहे. पोलिसांनी गाडी अडवली. कोर्टाने दंड केला आणि माझ्या पाठीवर तांबड्या शाईत शेरा लिहिला.

शेरा म्हणजे काय, ते समजून घ्या. दंड भरला की संपतो. शेरा संपत नाही. नवा परवाना घेतला तरी तो त्याच्यावर उतरवला जातो. शेऱ्यामागून शेरे पडले, तर कोर्ट परवाना काढूनही घेऊ शकतं. पण कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे. सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर चालकाला स्वच्छ परवाना मागता येतो. यातला 'सलग' हा शब्द महत्त्वाचा. मध्येच एक शेरा पडला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

अण्णाराव शेठ तेव्हा म्हणाले होते, "खाजाभाई, मी नवी गाडी घेणार हाय. लायसन स्वच्छ करून आणा, किल्ली तुमची. अजून एक डाग पडला, तर जुन्या गाडीची किल्लीबी हितंच ठेवा."

तिसरं वर्ष सरत आलं होतं. एका दुपारी तेरखेड्याच्या फाट्यावर बब्रुवान नावाचे शेतकरी गाडीला आडवे झाले. त्यांच्या भाचीचं, महानंदाचं, दुसऱ्या दिवशी परंड्यात लग्न होतं. सोबत मुलीची आई सारजाबाई होत्या आणि रुखवताच्या लाडवांनी भरलेल्या दुरड्या.

"माणसं न्हाईत, खाजाभाई. नुसता माल हाय," बब्रुवान हसत म्हणाले. "बैलगाडीत लाडवाचा भुगा हुतोय."

मालाला हरकत नव्हती. दुरड्या पोत्यांवर चढल्या. त्या नीट बांधल्यात का, ते पाहायला खाजाभाई वर गेले आणि वाकूनच थांबले.

"दादा, लाडवाला गंधकाचा वास कसा?"

"खाली भुईनळे हाईत की!" सारजाबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या. "लेकीनं आपल्या हातानं भरलेत. रुखवतात भुईनळे न्हाईत म्हटल्यावर सासरचे विचारतील, तेरखेड्याच्या पोरीला येतं तरी काय?"

त्यांनी काही लपवलं नव्हतं. तेरखेडा हे फटाके बनवणारं गाव. त्यांच्या घरात शोभेची दारू पिठासारखीच हाताळली जाई. ती वेगळी सांगायची असते, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"बाई, परवानगीबिगर ही दारू न्हाय नेता येत. उतरवा."

"कोण बघतंय?" बब्रुवान म्हणाले. "पोलीस काय लाडू उचलून बघणार हाय?"

"आन् एवढं काय त्या लायसनचं?" सारजाबाई कडाडल्या. "सवत हाय का जमिलाबीची? खिशात घेऊन हिंडतासा ते!"

खाजाभाईंनाही हसू आलं. "तसंच समजा. तीन वरसं नांदवलीया तिला. पर लायसन राहू द्या बाजूला. एक ठिणगी उडाली तर लेकीच्या रुखवताची राख हुईल. लाडू म्या पोचवतो, नळे बैलगाडीनं संभाळून धाडा."

"न्यायचं तर समदं न्या, न्हाईतर काय बी नको!"

मी खिशात होतो. माझ्यामागे त्यांचं काळीज कसं धडधडत होतं, ते मलाच ठाऊक. त्यांनी एकेक दुरडी स्वतःच्या हाताने खाली दिली. परंड्यापर्यंत त्या दिवशी कुणीही गाडी अडवली नाही. भुईनळे नेले असते तरी कुणाला कळलं नसतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझा अभिमान नेमका इथे आहे.

बैलगाडी लग्नाला वेळेत पोचली. लाडू म्हणून निघालेलं पंगतीत चुरमा म्हणून वाढलं गेलं. भुईनळे मात्र शाबूत होते. वरातीत ते असे फुलले की माणसं ओट्यांवर चढून बघू लागली. खाजाभाईही गर्दीत होते. सारजाबाईंनी त्यांना पाहून तोंड फिरवलं. आणि थोड्या वेळाने चुरम्याचं ताट पाठवलं. "सांगा त्यास्नी," त्या म्हणाल्या, "हे त्यांच्या लायसनच्या वाट्याचं!"

तीन वर्षं पुरी झाली. कचेरीत खाजाभाईंना स्वच्छ परवाना मिळाला आणि माझ्यावर 'रद्द' असा शिक्का बसला. खाजाभाई म्हणाले, "साहेब, जुनं मलाच द्या."

"कशाला? याच्यावर तर शेरा आहे."

"म्हणूनच, साहेब."

नवा परवाना नव्या गाडीतून फिरू लागला. मी पेटीच्या तळाशी गेलो. कधीकधी रस्त्याची आठवण येते. पण तक्रार नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हालाही परवाना मिळेल. त्याला पाण्यापासून जपा, घामापासून जपा. आणि 'कोण बघतंय' या दोन शब्दांपासून सगळ्यांत जास्त जपा. चुकून शेरा पडलाच, तर परवाना लपवू नका. माझी पाठ पाहा. वर तांबड्या शाईत दोन ओळी आहेत, त्या कोर्टाने लिहिल्या. त्यांच्याखाली सगळा कागद कोरा आहे. तो खाजाभाईंनी लिहिला.