डाव्या बाजूच्या पट्ट्या

आमच्या ह्यांनी जहाज बांधायला घेतलं त्याच दिवशी माझे कपडे वाळत घालायचे चिमटे गायब झाले. चोर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर हातभर लांबीचा एक लाकडी सांगाडा होता आणि माझे सगळे चिमटे त्याला चावून बसले होते. पट्ट्या सुकेपर्यंत दाबून धरायला तेच लागतात म्हणे. मी ओले टॉवेल खुर्च्यांच्या पाठीवर टाकले आणि गप्प बसले. निवृत्त नवरा कशात तरी रमतोय, हे काय थोडं होतं?

हे जन्मभर गोदामाच्या फाटकावर घरी जाणाऱ्या कामगारांच्या पिशव्या तपासत आले. नोकरी सुटली, पण ती नजर काही सुटली नाही. दूध पातळ लागलं की दूधवाल्यावर संशय, साखर लवकर संपली की माझ्यावर. जहाज वाकलं तेव्हा पाळी भाऊजींची आली.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद पडल्यापासून आमच्याकडे राहत होते, त्याच बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. माणूस असा की आपण घरात आहोत हे दुसऱ्याला कळू नये म्हणून चमचासुद्धा हळू ठेवायचा. त्यांना जायला दुसरं घर नव्हतं, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

जहाज खोक्यातून सुट्या तुकड्यांत आलं होतं. मधे लांब कणा, त्याला आडव्या फासळ्या, आणि फासळ्यांवर पातळ पट्ट्या भिजवून, वाकवून, डिंकाने चिकटवत जायच्या. ह्यांनी तिथेही गोदामाची शिस्त लावली. एक मांडणी गच्च भरल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. म्हणून आधी सगळी डावी बाजू, उजवी नंतर. पहिलंच जहाज, पण ऐट अशी की बंदरावर बोट लागायचीच बाकी आहे.

एका सकाळी ह्यांनी एक डोळा मिटून कण्यावरून नजर टाकली आणि मला हाक मारली.

"यावर कुणीतरी बसलंय."

मी पाहिलं. कण्याची दोन्ही टोकं डावीकडे वळली होती. "अहो, बसलं असतं तर चुरा झाला असता."

"मग कुणीतरी दाबलंय. मुद्दाम." आणि नजर सोफ्यावरच्या घडी घातलेल्या चादरीवर गेली.

तिथून उलटतपासणी सुरू झाली. भाऊजी जेवायला बसले की, "टेबलाला धक्का लागला होता का रे?" आंघोळ करून आले की, "खरं सांग, मी रागावणार नाही." लहानपणी ह्यांचा पतंग भाऊजींनी फाडला होता, तेही उकरून काढलं. एकदा तर टेबलाभोवती पावडर भुरभुरून ठेवली. उमटली ती माझीच पावलं, चहा ठेवायला गेले होते त्यांची. मला हसू आवरेना, ह्यांना राग आवरेना. आणि कणा रोज थोडा जास्त वाकायचा.

भाऊजी प्रत्येक वेळी तेवढंच म्हणायचे, "नाही दादा, मी हात लावला नाही."

मग एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "हो. मीच वाकवलं. झालं समाधान?"

माझा घास हातात राहिला. हे मात्र विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. "बघ! मी सांगत नव्हतो?" संध्याकाळच्या आत भाऊजींनी बॅग भरली. मी दारात आडवी उभी राहिले, तर म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या. मलाही बरं वाटेल." मला ह्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी स्वयंपाक केला, वाढला नाही.

ह्यांनी जहाज कपाटात ठेवून कुलूप लावलं. रोज बाहेर काढायचं, डावीकडे दोन पट्ट्या चढवायच्या, पुन्हा आत. आठवडाभराने कपाट उघडलं आणि हे तसेच उभे राहिले. कणा आता केळ्यासारखा झाला होता.

हळूहळू मान वळली आणि नजर माझ्यावर आली. घरात आता मी एकटीच उरले होते ना!

"माझ्याकडे काय बघता?" मी जहाज ह्यांच्या हातातून ओढून घेतलं. डावी बाजू भरलेली, उजवी नुसत्या फासळ्या. "पडद्याची एकच कड ताणून शिवली तर पडदा सरळ लटकतो का? ओल्या पट्ट्या सुकताना आवळतात. सगळ्या एकाच बाजूने ओढतायत, समोरून कोण धरणार?"

विश्वास बसला नाही. बसेल कसा? ओलं फडकं घेऊन मीच एक पट्टी सोडवली, मग दुसरी, मग तिसरी. एकेक पट्टी निघाली तसा कणा आमच्या डोळ्यांदेखत सरळ व्हायला लागला. हे खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाऊजींनी भाड्याने घेतलेल्या खोलीवर गेलो. टायरच्या दुकानावर एक खोली, खाली हातोड्यांचा आवाज. हे पिशवीत जहाज घेऊन आले होते. ते पलंगावर ठेवून म्हणाले, "पट्ट्यांनी वाकलं. तू नव्हतास."

"मला माहीत होतं, दादा."

"मग कबूल का केलंस?"

"नाही म्हणून म्हणून थकलो. हो म्हटलं, आणि तू पहिल्यांदा पोटभर जेवलास."

ह्यांनी मान खाली घातली. ह्या माणसाची मान खाली गेलेली मी लग्नापासून पाहिली नव्हती. "चल घरी," हे म्हणाले.

भाऊजींनी बॅगेकडे पाहिलं. जायचं त्यांच्या मनात होतं, मला स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि उद्या घरात आणखी काही वाकलं, हरवलं, तर?"

ह्यांनी एवढंच म्हणायचं होतं, तुला विचारणार नाही. मी मनातल्या मनात ते शब्द ह्यांच्या तोंडात घालत होते.

ह्यांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. आणि म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू."

भाऊजी हसले. "चहा घेऊन जा," म्हणाले, आणि स्टोव्ह पेटवायला पाठमोरे झाले.