अकोल्याहून पातूरला जाणारा पट

मी एक जुना पट आहे, मित्रांनो. फासा टाकून सोंगट्या पुढे सरकवतात ना, तसला. पण दुकानातून आणलेला नव्हे हं! अकोल्याच्या जुन्या शहरात हुसेनमियाँ दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांची नऊ वर्षांची कहकशाँ टायफॉईडने महिनाभर अंथरुणावर होती. घरातली सारी कॉमिक्स तिने तीनतीनदा वाचून संपवली. मग हुसेनमियाँनी प्लायवूडचा उरलेला तुकडा घासला आणि पाट्यांच्याच रंगांनी माझ्यावर चौसष्ट चौकटी काढल्या. जवळपास प्रत्येक चौकटीत एक चित्र! शूर कहकशाँ मोर्णा नदी ओलांडते, माकडांशी भांडते, ट्रकवर चढते आणि थेट पातूरच्या गुहेशी पोहोचते. शर्टाची बटणे झाली सोंगट्या. काय आरडाओरडा चाले! तिची अम्मी आयशाबी फासा हळूच उलटवायची आणि पकडली गेली की सगळ्यांत मोठ्याने हसायची.

पुढे कहकशाँ नोकरीसाठी अमरावतीला गेली. फ्लेक्स आले, हुसेनमियाँचे ब्रश वाळले. मी गव्हाच्या कोठीवरचे झाकण झालो. ओल लागून माझा एक कोपरा फुगला आणि तिथल्या शेवटच्या चौकटीचे पापुद्रे निघाले.

एका रविवारी सकाळी कहकशाँ धावतच घरात आली. सोबत तिचा मित्र नितेश. अमरावतीत ही मंडळी दर आठवड्याला जमून पटावरचे खेळ खेळतात, कॉमिक्सवर वाद घालतात. आता त्यांच्या मेळ्यात घरी बनवलेले खेळ मांडायचे होते. तिने मला उचलले, कोपरा पाहिला आणि तिचे डोळे भरून आले.

"काहून रडून राहिली, बेटा?" हुसेनमियाँ म्हणाले. "तिथं म्या वाघ काढला होता. पुन्हा काढून देतो."

"वाघ नाई अब्बा, खजिना होता!"

आयशाबी कणीक मळता मळता म्हणाली, "काईच नोतं तिथं. रंगच सरला होता. जो पोचे, तो आपल्या मनचं सांगे. तुमी वाघ सांगत, हे पोरगी खजिना सांगे."

नितेश तर उडालाच. "अरे, हा तं लय भारी नियम हाय! तसंच राहू द्या!"

हुसेनमियाँनी नवा ब्रश आणला. कोपरा घासून तिथे नुसते गुहेचे तोंड रंगवले, आत काहीच नाही.

मेळ्यात माझ्याभोवती ही गर्दी! गुहेत कुणाला हरवलेली सायकल सापडली, कुणाला संत्र्यांची बाग. एका मुलीने विचारले, "हे कोनं काढलं?"

"माह्या अब्बानं," कहकशाँ म्हणाली, इतक्या मोठ्याने की सगळे वळून पाहू लागले. मागे उभे असलेले हुसेनमियाँ लाजले. मग खुर्ची ओढून म्हणाले, "आना तो फासा. माही पाळी."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी हाताने केलेला खेळ पडून असेल. त्याला ओलीपासून जपा, पण नुसता जपून ठेवू नका. तो मांडा. ज्याने केला त्याला शेजारी बसवा, आणि पहिला फासा त्याच्या हाती द्या.